झेंडूच्या रंगाची जर्सी

सायकलच्या शर्यतीत जो पहिला येतो तोच जिंकतो, असं मानणारी माणसं साधी असतात. एकोणीस वर्षांची होईपर्यंत मीही तशीच साधी होते. मग एका आठवड्यात मला कळलं की आठवं येऊनही माणूस पहिल्याच्या बरोबरीला असू शकतो. तेव्हा माझा साधेपणा जो गेला तो गेलाच.

साल नेमकं सांगत नाही, लगेच माझं वय काढाल. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही चंडीगडला युनिव्हर्सिटीच्या आवारात राहत होतो. बाबा संख्याशास्त्र शिकवायचे. सांगलीहून ते इथं आले होते 'दोन-तीन वर्षांसाठी', आणि त्या दोन-तीन वर्षांना तेव्हा अकरावं लागलं होतं.

पंजाबात ते दिवस वाईट होते. अंधार पडायच्या आत घरी यायचं, स्कूटरवर मागं कुणाला बसवायचं नाही, बाजारात शिरताना पिशवी उघडून दाखवायची. शहरात काही झालं की युनिव्हर्सिटी बंद, परीक्षा पुढे ढकललेल्या आणि आवाराच्या फाटकाशी वाळूच्या पोत्यांमागं जवान उभे. असाच एक आठवडा फेब्रुवारीत आला. बाहेर जायची सोय नाही, आत अभ्यासाला कारण नाही. रस्ते मात्र रुंद, सरळ आणि मोकळे. पट्टीनं आखलेल्या शहरात रिकामे रस्ते आणि रिकामी पोरं एकत्र आली की काय होणार? आम्ही सायकली काढल्या.

नुसत्या शर्यती लावून दोन दिवसांत कंटाळा आला असता, कारण आमच्या वरच्या मजल्यावरचा सरदार मुलगा प्रत्येक वेळी पहिला यायचा. सहा फुटाच्या वर उंची, काळी चोवीस इंची सायकल, आणि जिंकल्यावर मिशीला पीळ देण्याची घाणेरडी सवय. मिशी अजून धड आलीही नव्हती. मला तो 'मराठन' म्हणायचा. माझी सायकल आईची, सांगलीहून रेल्वेनं आलेली लेडीज, पुढं भाजीची जाळी लावलेली. "ओए मराठन, रेस में आई है या मंडी में?" हा त्याचा रोजचा नमस्कार.

आम्हाला वाचवलं बाबांनी. कुणी पाहुणे प्राध्यापक त्यांच्या खोलीत एक फ्रेंच मासिक विसरून गेले होते. त्यात युरोपातल्या त्या तीन आठवडे चालणाऱ्या सायकल शर्यतीचे रंगीत फोटो होते. बाबांना फ्रेंच येत नव्हतं आणि फोटोंशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते भाळले शेवटच्या पानावरच्या आकड्यांच्या तक्त्यांवर. आकडे त्यांना कुठल्याही भाषेत वाचता यायचे. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो खजिना उलगडला.

"हे बघ. शर्यत एक, पण टप्पे अनेक. रोज एक टप्पा. रोज प्रत्येकाला किती वेळ लागला तो लिहायचा आणि बेरीज करत जायचं. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो एकूणात पुढं. त्यानं दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी घालायची."

"मग रोज पहिला येणाऱ्याचं काय?"

"त्याच्यासाठी गुणांची यादी वेगळी. रोज कितवा आलास त्यावर गुण. सगळ्यात जास्त गुणवाल्याला हिरवी जर्सी. आणि चढावर पुढं असणाऱ्याला लाल ठिपक्यांची."

मला हे चटकन समजलं. आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत करंडक एका नाटकाला जातो, अभिनयाचं बक्षीस दुसऱ्याला आणि नेपथ्याचं तिसऱ्यालाच, तसंच हे. एकाच मांडवात तीन लढाया. करंडक म्हणजे पिवळी.

"आणि ऐक," बाबा कुजबुजले, जणू परीक्षेचा पेपर फोडत होते. "घोळक्यात जेवढे जण एकत्र पोचतात, त्या सगळ्यांना एकच वेळ देतात. पहिल्याची तीच शेवटच्याची. मध्ये फट पडली नाही म्हणजे झालं."

म्हणजे त्या लंबूला हरवायची गरजच नव्हती. नुसतं त्याला चिकटून राहायचं! मला ती पिवळी जर्सी त्याच क्षणी हवीशी झाली. हिरवी नको, ठिपक्यांची नको. करंडक हवा.

चार टप्पे ठरले, चार सकाळी. चौदा स्पर्धक. पंच कोण, यावर थोडी वादावादी झाली. बाबा पंच, तर मुलगी स्पर्धेत. तोडगा वरच्या मजल्यावरून आला. लंबूची आई हॉस्पिटलात नर्स होती. वीस वर्षं लोकांच्या नाड्या मोजलेली बाई, सेकंदकाट्याशी तिची दोस्ती. आम्ही तिला आंटीजी म्हणायचो. घड्याळ तिच्याकडं, वही बाबांकडं. वहीवाल्याची मुलगी, घड्याळवालीचा मुलगा, म्हणजे दोघांचं एकमेकांवर लक्ष.

पहिला टप्पा सपाटीचा, आवाराला चार फेऱ्या. शेवटची रेषा फाटकाच्या अलीकडं, वाळूच्या पोत्यांसमोर. लंबू पहिला आला. मी आठवी, पण त्याच घोळक्याच्या शेपटीला, पुढच्याच्या मडगार्डला नाक लावून. बाबांनी वहीत लिहिलं, वेळ तीच. मी दोन्ही हात वर करून नाचले. लंबूला कळेना, आठवी आलेली मुलगी का नाचते आहे.

दुसरा टप्पा एकेकट्यानं, घड्याळाविरुद्ध. इथं चिकटायला कुणी नाही. मी जीव काढून चालवली आणि दुसरी आले. लंबूपेक्षा अकरा सेकंद मागं. म्हणजे बेरजेत तो पहिला, मी दुसरी. गुणांतही तोच पुढं.

आता जर्सी. एरवी बाजारात ललारी बसायचा. ललारी म्हणजे चुन्न्या रंगवून देणारा. मोठ्या पातेल्यात रंग उकळून हव्या त्या छटेची ओढणी अर्ध्या तासात हातात. पण त्या आठवड्यात बाजार बंद. मग आईनं बाबांचे तीन जुने पांढरे टी-शर्ट घेतले, घरातल्या रंगाच्या पुड्या काढल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. हिरवा चांगला आला. ठिपके तिनं बाटलीच्या बुचानं उमटवले. पिवळा मात्र तिला फिकट वाटला. "कावीळ झाल्यासारखा दिसतोय गं," म्हणाली आणि ठिपक्यांच्या लाल पुडीतली एक चिमूट त्यात टाकली. मग आणखी एक चिमूट.

टी-शर्ट बाहेर निघाला तो दसऱ्याच्या झेंडूसारखा. लखलखीत भगवा. आई खूश. सांगलीत हा रंग तोरणाचा, शुभकार्याचा. जिंकणाऱ्याला याहून चांगला रंग कोणता? तिनं तो अंगणात दोरीवर पसरून वाळत घातला आणि कौतुक ऐकायला बाहेर उभी राहिली.

आंटीजी ड्युटीवरून येत होत्या. दोरीपाशी थांबल्या. हसऱ्या बाईचा चेहरा असा मिटलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"बहनजी, ये किसके लिए है?"

"आपके बेटे के लिए! पहला नंबर है ना?"

"नहीं जी. मेरा बेटा ये नहीं पहनेगा."

एवढं बोलून त्या जिना चढून गेल्या. आईला वाटलं, हिला आपली रंगसंगती आवडली नाही. ती फणकारली, "एवढं काही वाईट दिसत नाही हं. तिच्या पडद्यांपेक्षा तर बरंच बरं!"

तिची चूक झाली होती, आणि ती आमच्यासारख्यांचीच चूक होती. अकरा वर्षं पंजाबच्या उंबऱ्यात राहून आम्ही सांगलीच्या डोळ्यांनीच बघत होतो. थोड्या वेळानं लंबू स्वतः खाली आला, स्टुलावर बसला आणि प्रथमच काही टोमणा न मारता बोलला. महिन्याभरापूर्वी तो केशरी पगडी बांधून बसनं मामाकडं निघाला होता. त्या दिवसांत तरुण शिखाच्या डोक्यावर तो रंग दिसला की नाक्यावरचा शिपाई दोनदा बघायचा, कारण अतिरेक्यांचा रंग म्हणून तो ओळखला जाऊ लागला होता. याला बसमधून उतरवलं, तीन तास रस्त्याकडेला बसवून ठेवलं. तेव्हापासून बीजीनं, म्हणजे त्याच्या आईनं, घरातलं केशरी सगळं ट्रंकेत घातलं होतं.

"और आंटी, फिनिश लाइन तो गेट के सामने है," तो म्हणाला. "सामने बंदूक वाले खड़े हैं. मैं ये पहन के पूरी स्पीड में उनकी तरफ आऊँगा?"

आईनं हातातलं उलथणं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "अरे देवा. मी आत्ता धुऊन काढते." तिनं धुतलं. तीन वेळा. रंग चिवट निघाला, सांगलीचा असल्यासारखा. दुसरा पांढरा टी-शर्ट घरात नव्हता.

मार्ग बाबांच्या तक्त्यात सापडला. त्यांनी फोटो आणि यादी ताडून पाहिली होती. एकच जण दोन याद्यांत पुढं असेल तर तो दोन जर्सी कशा घालणार? तो मोठी घालतो आणि दुसरी जर्सी त्या यादीतला दुसऱ्या नंबरचा त्याच्या वतीनं घालतो. आपली नसलेली, सांभाळायला दिलेली.

"नियमानं तू मोठी घालायला हवी," बाबा लंबूला म्हणाले. "पण तू हिरवी घाल. मोठी ही घालेल. नेता तूच, जर्सी फक्त हिच्या अंगावर."

लंबूनं माझ्याकडं पाहिलं, आणि हसत सुटला. "चल मराठन, तू पहन ले. पर याद रख, माँगी हुई है!"

तर अशी मला ती जर्सी मिळाली. जी मला हवी होती, तीच, पण उसनी. तिसऱ्या दिवशी सकाळी ती घालून रेषेवर उभी राहिले तर पोरांनी ताल धरला, "माँगी हुई! माँगी हुई!" मला लाज वाटायला हवी होती. मी वाकून नमस्कार केला, नाटक संपल्यावर करतात तसा. आतून मात्र मला मिरच्या झोंबत होत्या. अकरा सेकंद. अकरा सेकंद कापले की ही माझी.

तिसरा टप्पा डोंगराचा. चंडीगडच्या सपाटीवर डोंगर कुठून आणणार? पण या शहराच्या आर्किटेक्टला जिन्यांपेक्षा रॅम्प प्रिय होते. आमच्या आवारात एका गोल इमारतीला बाहेरून वळसे घेत वर जाणारा रॅम्प होता. तोच आमचा डोंगर. तीनदा चढायचा, तीनदा उतरायचा. लंबूचं वजन आणि त्याची लोखंडी सायकल तिथं त्याला नडली. पहिला आला वॉर्डनचा मुलगा, आम्ही त्याला बारका म्हणायचो. फुंकर मारली तर उडेल असा. ठिपक्यांची जर्सी त्याला गुडघ्यापर्यंत आली. मी तिसरी, लंबूच्या सात सेकंद पुढं. भाजीची जाळी मी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

आता फक्त चार सेकंद उरले. शेवटच्या दिवशी मी त्याच्यापेक्षा पाच सेकंद आधी रेषा ओलांडली तर एकूणात पहिली. पण शेवटचा टप्पा पुन्हा सपाटीचा, चार फेऱ्यांचा, आणि सपाटीवर त्याच्यापासून पाच सेकंद काढणं म्हणजे वाघाच्या तोंडातला घास काढणं. घोळक्यात पोचले तर वेळ सारखीच आणि जर्सी त्याची. ज्या नियमानं मला तगवलं होतं तोच आता माझ्या वाटेत आडवा पडला होता.

मग मी वहीत डोकं घातलं. हिरव्या जर्सीच्या यादीत लंबूच्या मागं कोण? बारका. फक्त तीन गुणांनी. आणि शेवटच्या दिवशी तिसऱ्या फेरीत लायब्ररीसमोर एक मधली रेषा होती. ती आधी ओलांडणाऱ्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन. वेळेचा तिथं काही संबंध नाही.

त्या संध्याकाळी मी नारदाचं काम केलं, हातात फक्त वीणा नव्हती. आधी बारक्याकडं गेले. "अरे, हिरवी तुझीच आहे की. लायब्ररीला त्याच्या पुढं राहा, म्हणजे एकाच गुणाचा फरक. शेवटच्या रेषेवर काय, काहीही होतं." बारक्याचे कान ताठ झाले. मग वर गेले, आंटीजींच्या हातचे मेथीचे पराठे खाल्ले आणि जाता जाता लंबूला म्हटलं, "बारका सगळीकडं सांगत सुटलाय, उद्या हिरवी त्याची."

"वो? वो मच्छर?"

"मला काय, मी ऐकलं ते सांगितलं."

शेवटची सकाळ. चंडीगडची झाडं वसंतात पानं गाळतात, रस्त्यांवर सुक्या पानांचा थर होता आणि सायकली त्यातून कुरकुर करत जात होत्या. दोन फेऱ्या कुणीच काही केलं नाही. तिसऱ्या फेरीत लायब्ररीची इमारत दिसू लागली आणि लंबू उठला. बारका त्याच्या मागोमाग. दोघं असे सुटले की जणू मागं दोन बस लागल्या असाव्यात. लायब्ररीसमोर खडूची रेषा होती. तिच्यावरून दोघं एकदमच गेले, आणि मग झालं ते, ज्याची मी रात्रभर प्रार्थना केली होती. दोघांनी पाय थांबवले, धापा टाकत, हँडल सोडून भांडायला लागले.

"मेरा टायर आगे था!"

"तेरी पगड़ी आगे थी, टायर नहीं!"

मी डाव्या बाजूनं, झाडांच्या कडेनं, त्यांच्या शेजारून निघून गेले. घंटीसुद्धा वाजवली. शिष्टाचार म्हणून.

 मागून लंबूची आरोळी, "ओए! मराठन गई!"

सव्वा फेरी उरली होती. सव्वा फेरी म्हणजे किती, हे जिनं आईच्या लेडीज सायकलवर एकटीनं काढलंय तिलाच ठाऊक. मी मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर घाबरले असते. मांड्या पेटल्या होत्या, तोंडाला लोखंडाची चव आली होती आणि वाऱ्यानं तो झेंडूचा टी-शर्ट पाठीवर फडफडत होता. मागं त्याच्या काळ्या सायकलच्या साखळीची खडखड ऐकू यायला लागली. आधी लांब. मग जवळ.

शेवटचं वळण. समोर फाटक, पोती, पोत्यांवर कोपर टेकून बघणारे जवान. त्यातल्या एकानं शिट्टी फुंकायला सुरुवात केली, मला वाटतं तो उत्साहानं फुंकत होता. आई नऊवारीत नसूनही पदर खोचून ओरडत होती, "चालव गं बाई! चालव!" बाबा निःपक्षपाती असल्यानं तोंडावर वही धरून उभे होते. आणि रेषेवर आंटीजी, मनगट डोळ्यांसमोर.

मी रेषा ओलांडली आणि पहिल्यांदा मागं वळले. तो येत होता, मान खाली घालून, हिरवा, प्रचंड. आंटीजींनी मोजायला सुरुवात केली होती, मोठ्यानं, वॉर्डात नाडी मोजतात त्याच थंड आवाजात.

"इक. दो. तिन्न."

तो अजून गुलमोहराशी.

"चार."

आता त्याचे दात दिसत होते.

"पंज."

त्यानंतर तो रेषेवरून गेला, वाऱ्यासारखा, आणि त्याच क्षणी आंटीजींच्या तोंडून निघालं, "छे."

 बाबांनी वही खाली घेतली. "भाभीजी, पक्का छह?"

मोजणारी त्याची आई होती. एक सेकंद इकडं, एक सेकंद तिकडं, कोण बघत होतं? तीन सेकंद गिळले असते तर जर्सी तिच्या घरातच राहिली असती. तिनं बाबांकडं असं पाहिलं, जसं तिनं कित्येक शिकाऊ डॉक्टरांकडं पाहिलं असेल.

"प्रोफेसर साब, मैंने छे कहा ना."

बाबांनी वजाबाकी केली. सहा वजा चार. चार टप्पे, चार दिवस, चौदा सायकली, आणि मी पुढं दोन सेकंदांनी.

माझ्या नाचाचं वर्णन करत नाही, आवारातली जुनी माणसं अजून करतात. पण बाबांना विधी हवा होता. "जर्सी हिला आता रीतसर मिळायला हवी," ते म्हणाले. "अंगावर आहे ती उसनी आहे. आधी ती ज्याची होती त्याच्याकडं जाईल आणि तो हिला देईल." मी आईच्या शालीआड जर्सी काढून लंबूच्या हातात दिली. दोन दिवस ती त्याची होती आणि त्यानं तिला बोट लावलं नव्हतं. तो ती उलटसुलट करून बघत राहिला. मिशीला पीळ देणं विसरला.

आंटीजींनी फाटकाकडं पाहिलं. मग मुलाकडं.

"पा ले," त्या हळूच म्हणाल्या. "इक मिनट. गेट वल पिठ करके."

त्यानं फाटकाकडं पाठ केली. पगडी सांभाळत, हळूहळू, हिरव्या जर्सीवरूनच ती डोक्यातून घातली. ती त्याला पोटापर्यंतच पोचली. बारका जाऊन त्याच्या पाठीशी उभा राहिला, त्याच्या मागं दुसरा, मग तिसरा, आणि बघता बघता आम्ही सगळे फाटक आणि तो यांच्यामध्ये भिंत करून उभे होतो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आंटीजी घड्याळ बघत होत्या. खरंच एक मिनिट मोजत होत्या. त्या मिनिटात लंबूनं छाती काढली, हात कमरेवर ठेवले आणि रिकाम्या रस्त्याकडं बघून सम्राटासारखा हसला.

"टैम!" आंटीजी म्हणाल्या.

त्यानं जर्सी काढली, ती घामानं ओली आणि थोडी सैल झाली होती, आणि स्वतः माझ्या डोक्यातून घातली. "ले," तो म्हणाला. "अब माँगी हुई नहीं है."

मी सायकलवर टांग टाकली. सन्मानाची फेरी चॅम्पियननं एकटीनं काढायची असते, बाबांनी फोटोत पाहिलं होतं. पण मी निघाले आणि मागून तेरा सायकली निघाल्या, पानांतून कुरकुर करत, सगळ्यांत पुढं ती काळी चोवीस इंची, आणि फेरीभर तो ओरडत होता, आता मात्र बेंबीच्या देठापासून, "ओए, हटो सब! मराठन आ रही है!"